कोरड्या प्रदेशातील संशोधनासाठी कपॅसिटन्स पद्धतीचा मृदा-ओलावा सेन्सर

पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युत क्षेत्रात पदार्थ किती विद्युत ऊर्जा साठवतो याचे माप) सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा साधारण ३ ते ५ असतो. या तफावतीवरून मातीतील पाण्याचे आकारमानानुसार प्रमाण काढणारा हा सेन्सर, गवत आणि झुडपे एकाच पावसाचे पाणी कसे वाटून घेतात हे तपासण्यासाठी एकंदरीत उपयुक्त ठरला. उथळ आणि खोल अशा दोन्ही थरांत सेन्सर पुरले, की हलक्या सरीचे पाणी वरच्या थरातच संपते आणि मोठ्या पावसानंतरच झुडपांच्या खोल मुळांपर्यंत ओल झिरपते, हे नोंदींत स्पष्ट दिसते; नमुना १०५ अंश सेल्सिअसला भट्टीत वाळवून वजन करण्याच्या जुन्या पद्धतीने असा सलग, तासागणिक आलेख मिळणे अशक्यच.

तरीही सेन्सरचे आकडे पडताळण्यासाठी लागणारी ती भट्टी मोडीत काढू नये. कारखान्यात केलेले कॅलिब्रेशन (सेन्सरच्या आकड्याचा खऱ्या ओलाव्याशी घातलेला मेळ) खारवट किंवा चिकण मातीत फसवे ठरते, आणि माती सुकून आक्रसली की सेन्सरच्या पात्याभोवती हवेची फट पडून ओलावा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. त्याहून मूलभूत मर्यादा अशी, की हा सेन्सर मातीत पाणी किती आहे ते सांगतो, वनस्पतीला त्यातले किती ओढता येईल ते नाही. ओलाव्याच्या ज्या टक्केवारीला वाळूतील रोप तग धरते, तिलाच चिकण मातीतील रोप कोमेजू शकते. म्हणून मातीचा पोत जागोजागी बदलत असेल, तर मृदा-जलविभव, म्हणजे माती पाणी किती घट्ट धरून ठेवते ते, मोजणारे उपकरण सोबत घ्यावेच. केबल मात्र नळीतून न्यावी, कारण कुरतडणाऱ्या प्राण्यांपुढे तिचे प्लास्टिकचे आवरण टिकत नाही.