मांजराच्या ट्रेत काय भरायचं: माती, लाकडाचे पेलेट की टोफू?

फ्लॅटमधे मांजर आणलं की सगळे आधी विचारतात खायला काय देता, पण थोड्याच दिवसांत कळतं की मांजरापायी घरातून सगळ्यात जास्त कचरा जातो तो लिटरचा, म्हणजे शी-शूसाठी ट्रेत जे भरतात त्याचा. आणि हल्ली निम्म्या पाकिटांवर हिरवं पान छापलेलं असतं त्यामुळे दुकानात उभं राहून ठरवणं अवघडच. आमच्याकडे एक बोका एक भाटी, दोघांच्या नखऱ्यांत हे सगळे प्रकार वापरून झालेत, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी माती, म्हणजे बेंटोनाइट. ही खाणीतली माती, आपल्या देशात मुख्यतः गुजरातेत कच्छ-भावनगर आणि राजस्थानात बाडमेरकडे निघते. पाणी लागलं की फुगते आणि शू जिथे झाली तिथे घट्ट गोळा होतो, तो स्कूपने उचलला की बाकीचं लिटर तसंच राहतं. मांजरांना बारीक, वाळूसारखं आणि बिनवासाचं लिटर पायाखाली आवडतं, त्यामुळे नव्वद टक्के भांडण इथेच मिटतं. अजून एक फायदा फारसं कोणी सांगत नाही, मातीत रोज किती गोळे आणि केवढे निघाले ते दिसतं. बोका असेल तर हे फार महत्त्वाचं, कारण बोक्यांची लघवी तुंबते आणि पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं, गोळा दिसला नाही की तुम्ही लगेच डॉक्टर गाठता.

तोटा उघड आहे. माती खणून काढायची, ट्रकने आणायची, चौथ्या मजल्यावर चढवायची आणि महिनाभरात कचऱ्यात टाकायची, तिथे ती कधीच कुजणार नाही. वर धूळ. आणि चुकून कमोडमधे टाकली तर पाइपातच फुगून बसते, मग प्लंबर.

लाकडाचे पेलेट म्हणजे दाबून बनवलेला भुसा. ओले झाले की फुटून परत भुसाच होतो, म्हणून याला चाळणीवाला दोन मजली ट्रे हवा, साध्या ट्रेत वैताग येतो. चाळण हलवायची, भुसा खाली, अख्खे पेलेट वर, शी तेवढी स्कूपने उचलायची. लाकडाचा वास अमोनियाला बऱ्यापैकी झाकतो, धूळ कमी, पायाला चिकटून सोफ्यापर्यंत येत नाही, वजनाला हलके आणि थर पण पातळ पुरतो. माझं मत विचाराल तर मांजराने स्वीकारले तर पेलेटच. पण ते "तर" मोठं आहे, आमच्या भाटीने पहिल्याच दिवशी ट्रेकडे असं बघितलं आणि सरळ बाथरूमच्या पायपुसण्यावर बसली. शिवाय शूचा अंदाज येत नाही, खालचा भुसा किती ओला झालाय ते रोज बघावं लागतं.

इथे एक गोष्ट नक्की बघा. बॉयलरसाठी विकतात ते जळाऊ पेलेट स्वस्त पडतात म्हणून लोक घेतात, पण त्यात भुईमुगाची टरफलं, शेतातला काडीकचरा काहीही असू शकतं. वखारीतून भुसा आणणार असाल तर साध्या लाकडाचाच आणा, प्लायवूड-एमडीएफचा नको, त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो.

टोफू लिटर म्हणजे सोयाबीनचा चोथा, स्टार्च आणि ग्वार गमसारखं काहीतरी बांधायला. गोळा छान होतो, धूळ नाही, मांजरं पण सहसा तक्रार करत नाहीत. महाग मात्र आहे आणि पाकीट उलटं करून बघा, बऱ्याचदा चीनहून आलेलं असतं. लातूरकडे एवढा सोयाबीन पिकतो आणि आपण चोथा समुद्रापलीकडून मागवतो, असो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात उघडं ठेवलं तर बुरशी धरते, घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवा.

सिलिकाचे खडे वास छान ओढतात पण कुजत नाहीत, म्हणजे या हिशोबात मातीच्याच रांगेत. बांधकामावरची वाळू फुकट मिळाली तरी नको, गोळा होत नाही आणि घरभर पसरते. फाटलेला पेपर नसबंदीनंतर थोडे दिवस ठीक, जखमेला काही चिकटत नाही.

आता खरा मुद्दा, हे सगळं जातं कुठे. कुजणारं लिटर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून डंपिंग ग्राउंडवर गेलं तर तिथे हवेशिवाय सडून मिथेनच करणार, म्हणजे फ्लॅटवाल्यांना पेलेटचा फायदा आहे तो मुख्यतः खाण वाचली आणि वजन कमी झालं एवढाच. मागे अंगण किंवा शेत असेल तर मात्र पेलेट सरळ जिंकतात, ओला भुसा खड्ड्यात घाला आणि ते खत फुलझाडांना वापरा. शी मात्र त्यात नको आणि भाजीला तर अजिबात नको, कारण मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या रोग पसरवणाऱ्या परजीवीची अंडी येऊ शकतात आणि घरगुती खतात तेवढी उष्णता होत नाही की ती मरतील. म्हणूनच पाकिटावर "फ्लश करा" लिहिलं असलं तरी करू नका, नदीत आधीच काय कमी आहे. ती अंडी बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात, रोज ट्रे साफ केला तर धोका बराच कमी होतो. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं. आणि ट्रेतली घाण पेपरमधे गुंडाळून, आत काय आहे ते कळावं म्हणून वर लाल ठिपका काढून वेगळी द्या, पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताया कचरा हाताने वेगळा करतात.

तर बोका, फ्लॅट आणि नखरेल मांजर असं सगळं जमून आलं असेल तर माती घ्या, बिनवासाची, फक्त दर आठवड्याला अख्खा ट्रे ओतून देऊ नका. रोज गोळे काढून वर थोडी भर घातली की बरीच कमी लागते. पैशाची अडचण नसेल आणि मातीची धूळ कोणाला सोसत नसेल तर टोफू. बाकी सगळ्यांनी एकदा पेलेट करून बघा, पण एकदम बदलू नका, जुन्या लिटरमधे मूठभर मिसळा आणि हळूहळू वाढवत न्या. शक्य असेल तर दुसरा ट्रे जुन्याच लिटरचा शेजारी ठेवा, नाहीतर पायपुसणी धुवायची तयारी ठेवा.