प्रकल्पासाठी मुशी की वटवाघूळ?

कोकणात राहून प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी प्रजननाचा विषय निवडायचा असेल, तर बंदरावर उतरणारी मुशी, म्हणजे मालवणकडची मोरी हा लहान शार्क, आणि गावच्या वडावर लटकणारे मोठे फलाहारी वटवाघूळ हे दोन्ही पर्याय हाताशी आहेत. एक मासा आणि दुसरा सस्तन प्राणी असला, तरी दोघांच्याही माद्या वारेतून गर्भाचे पोषण करतात, त्यामुळे ही तुलना ओढूनताणून केलेली नाही.

मुशीचे (स्कोलिओडॉन लॅटिकॉडस) नवल असे, की तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे आणि जवळजवळ बलकाविना असते. शिदोरीच नसल्यामुळे गर्भाला फार लवकर आईच्या रक्तावर विसंबावे लागते, आणि वाढलेल्या गर्भाची नाळ पाण्यात पसरून पाहिली तर तिच्यावर बारीक तंतूंची दाट झालर दिसते. पाच-सहा महिन्यांत एका मादीला डझनभर पिल्लेही होतात. पोटाखालच्या परांजवळील क्लास्परवरून, म्हणजे समागमाच्या अवयवांच्या जोडीवरून, नर चटकन ओळखता येतो, त्यामुळे लांबी, वजन आणि लिंग यांच्या नोंदी झपाट्याने जमतात. मात्र जाळ्यात सापडलेली गाभण मादी पुष्कळदा पिल्ले टाकते, म्हणून पोटात मिळालेली संख्या खरी मानताना सावध राहावे. शिवाय पावसाळी मासेमारीबंदीत नोंदींमध्ये खंड पडतो.

वटवाघळाचा (टेरोपस मेडियस) गर्भकाळही सुमारे पाच महिन्यांचाच, पण पिल्लू बहुधा एकच, आणि ते आईच्या अंगाला चिकटून फिरते. जन्म प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात होतात. उन्हाच्या तडाख्यात पंखांनी वारा घेणाऱ्या, किंवा विष्ठेसाठी अंगठ्यांवर लटकून सरळ होणाऱ्या माद्या दुर्बिणीतून छान दिसतात. मुशीच्या बाबतीत असले जिवंत वर्तन मिळणे नाही. पकडण्याचा विचार मात्र सोडावा: २०२२ च्या दुरुस्तीपूर्वी वन्यजीव कायद्याच्या उपद्रवी यादीत असलेला हा प्राणी आता संरक्षित आहे, आणि केरळमधील २०१८ च्या निपाह साथीचा संबंध याच वटवाघळांशी जोडला गेला.

वारेचाच अभ्यास करायचा असेल, तर माझा कल निःसंशय मुशीकडे आहे. महाविद्यालयात ऊतींचे छेद घेण्याची सोय नसेल आणि मार्गदर्शकांना वर्तनात रस असेल, तर वड गाठावा, पण जानेवारीतच, म्हणजे पहिले पिल्लू दिसण्याआधी थव्याची मोजणी झालेली असेल.