कुफरी पुखराज बटाट्याचं बेणं: आमच्या वावरातला अनुभव

सोयाबीन निघाल्यावर ओलिताचं वावर रिकामं होतं म्हणून कृषी केंद्रातून पुखराजचं बेणं आणलं, शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेची 1998 ची जात हाय ही, लवकर येते. माल चांगला होता भाऊ, डोळे फुगलेले, सडका एखादाच. मोठे बटाटे कापून लावा पण फोडीले दोन-तीन डोळे पाहिजेच, अन् मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लावून सावलीत सुकवा, नाहीतर आपल्या काळ्या मातीत फोड सडलीच समजा. लागवडीची घाई नको, रात्र 20 डिग्रीच्या खाली गेल्याशिवाय गड्डा नीट धरत नाही. 70 ते 90 दिवसांत माल निघते, पिवळट अन् मोठा. मातीची भर देताना मात्र कंजुषी नको, उघडा पडला की हिरवा होते, तो खायचा नाही.

वांगं-बटाट्याच्या भाजीले एक नंबर. चिप्सले नाही जमत, पाणी जास्त, आईनं तं पहिल्याच घाण्यात नाव ठेवलं. एकरी दहा-बारा क्विंटल बेणं लागते तं खर्च झोंबते, म्हणून पाचपैकी चार स्टार.