पीसीए९४५० पीएमआयसी: आठ महिने वापरून झाल्यावर

पहिला बोर्ड केला तेव्हा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारी सर्किटं) आणले होते, आणि कुठली रेल (व्होल्टेजची लाइन) आधी उठणार, कुठली नंतर, हे आरसीने (रेझिस्टर-कपॅसिटरच्या विलंबाने) जमवता जमवता डोकं उठलं. म्हणून दुसऱ्या बोर्डवर आय.एमएक्स८एम मिनी प्रोसेसरच्या जोडीला पीसीए९४५० टाकला, म्हणजे सगळी व्होल्टेज एकाच चिपमधून देणारा पीएमआयसी (पॉवर मॅनेजमेंट आयसी). सहा बक, पाच एलडीओ (छोटे लिनिअर रेग्युलेटर), सीक्वेन्स चिपमध्येच ठरलेला. त्या बाबतीत एकदाही तक्रार नाही.

त्रास झाला तो लिनक्समध्ये, आणि तोही माझ्याच डिव्हाइस ट्रीमुळे (बोर्डवर काय कुठे जोडलंय ते कर्नलला सांगणारी फाइल). बूट व्हायचं, पिंग चालू, मी चहा गाळून येतो तोवर नेटवर्क गायब! दोन दिवस केबली बदलल्या, मग मॅग्नेटिक्सवर (इथरनेटच्या ट्रान्सफॉर्मरवर) संशय, जुलै चालू होता म्हणून दमट हवेलाही शिव्या घातल्या. शेवटी पीएचवाय म्हणजे इथरनेटच्या चिपजवळच्या कपॅसिटरवर मल्टीमीटर धरून बसलो, ३.३, ३.३, ३.३ आणि मग धाडकन शून्य, आणि कन्सोलवर बरोबर तेव्हाच ‘एलडीओ४: डिसेबलिंग’. ज्या रेग्युलेटरला कोणी वापरकर्ता नाही तो कर्नल बूटनंतर ३० सेकंदांनी बंद करून टाकतो. मी डिव्हाइस ट्रीमध्ये नुसतं बूट-ऑन (बूटच्या वेळी चालू) लिहिलेलं, मला वाटलं तेवढं पुरे.

मग वैतागून सगळ्यालाच ऑलवेज-ऑन (कायम चालू) ठोकलं. चाललं, पण बोर्ड बॅटरीवर आहे आणि सस्पेंडमध्ये करंट काही केल्या खाली येईना, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आता ऑलवेज-ऑन फक्त कोअर आणि डीडीआर (रॅम) वगैरेंना, बाकी कुठली रेल कोण वापरतं ते लिहिलं: इथरनेटच्या नोडला पीएचवाय-सप्लाय, एसडी कार्डला व्हीक्यूएमएमसी (सिग्नल लाइनचं व्होल्टेज), ज्याचा त्याला. हे आधीच स्कीमॅटिक समोर ठेवून केलं असतं तर एका संध्याकाळचं काम होतं.

व्होल्टेज मायक्रोव्होल्टमध्ये लिहायचं असतं, ३.३ म्हणजे ३३०००००. एकदा एक शून्य खाल्लं तर रेग्युलेटर रजिस्टरच होईना आणि मी आयटूसीच्या (प्रोसेसर ज्या तारांवरून पीएमआयसीशी बोलतो त्या) पुलअप रेझिस्टरकडे बघत बसलो. आता शून्यं बोटाने मोजतो, हसा खुशाल. डीबगएफएसमधला (कर्नलची आतली माहिती फाइलींतून दाखवणारा भाग) रेग्युलेटर समरी मात्र पहिल्या दिवसापासून उघडून ठेवा, कुठली रेल कोणी धरलीय ते झाडासारखं दिसतं.

एकच खटकतं, ५६ पिनचा क्यूएफएन (पाय बाहेर नसलेलं, पॅड खाली असलेलं पॅकेज) आहे, हाताने रीवर्क करायचा (काढून पुन्हा बसवायचा) म्हणजे हॉट एअर आणि देवाचं नाव. माझा एक बोर्ड त्यातच गेला.