अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत सिगरेट: आहे तसंच, बंद खोली की पूर्ण बंदी?

इथे न्यू जर्सीत, एडिसनमधल्या दोन-तीन ओळखीच्यांनी गेल्या महिन्यात मला एकच प्रश्न विचारला, की कॅसिनोतल्या सिगरेटबंदीसाठी आमदाराला पत्र पाठवायला सांगतायत, पाठवायचं का? आपण वर्षातून एकदा पाहुणे आले की तिथल्या समुद्रकाठच्या बोर्डवॉकला जाणारी माणसं, आपल्याला काय फरक पडतो, असं त्यांचं म्हणणं. मला फरक पडतो कारण माझी वहिनी तिथल्या एका कॅसिनोत अकरा वर्षं ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळाच्या टेबलावर डीलर, म्हणजे पत्ते वाटणारी, होती. कुठल्या ते लिहीत नाही. त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट वाचलंय आणि ते सगळंच खोटं आहे असं मला वाटत नाही.

आधी कायदा काय आहे ते बघू. न्यू जर्सीत २००६ च्या एप्रिलपासून ऑफिस, हॉटेल, बार सगळीकडे आत सिगरेट बंद झाली, पण कॅसिनोच्या फ्लोअरला, म्हणजे जुगार खेळायच्या मोठ्या हॉलला, त्याच कायद्यात सूट दिली गेली. मग शहराने स्वतःचा नियम केला की फ्लोअरच्या २५ टक्के भागातच ओढायची. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण बंदीही लागू झाली होती, पण मंदी नुकतीच आलेली, धंदा बसेल म्हणून सिटी कौन्सिलने महिन्याभरातच ती मागे घेतली आणि पुन्हा २५ टक्के. नंतर कोविडमध्ये २०२० च्या जुलैपासून वर्षभर बंदी होती, ती २०२१ च्या ४ जुलैला उठली आणि त्या दिवशी जे डीलर वर्षभर स्वच्छ हवेत काम करून आले होते त्यांच्या तोंडावर परत धूर आला. त्यांचं संघटित आंदोलन तिथूनच खऱ्या अर्थाने उभं राहिलं.

आता २५ टक्के म्हणजे काय हे फ्लोअरवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मध्ये भिंत नाही, दार नाही, कार्पेट तेच, छत तेच, फक्त एका बाजूला ॲशट्रे आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाहीत. धूर काय पाटी वाचून थांबतो का. ज्याला त्रास होतो तो गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाऊ शकतो, पण डीलरला टेबल सोडता येत नाही, हातात पत्ते आहेत, वरून कॅमेरा बघतोय, नजर चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्यांवर, ठेवायची, समोरचा माणूस दोन फुटांवर बसून सरळ तोंडावर धूर सोडतोय तरी मान वळवायची नाही, हाताने वारा घ्यायचा नाही, कारण गिऱ्हाईकाला अपमान वाटेल आणि टिप जाईल. वहिनी सांगायची की पत्ते वाटताना हिरव्या कापडावर पडलेली राख ती तळहाताच्या कडेने बाजूला सारायची आणि तोच हात पुढच्या पत्त्याला लावायचा. तासभर टेबल, मग वीस मिनिटं ब्रेक, परत टेबल, असं आठ तास. घरी आली की गॅरेजमध्येच युनिफॉर्म काढून पिशवीत कोंबायची, केस धुवायची, आणि मगच पोराला उचलायची. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिने सिगरेट नसलेल्या भागात टेबल मागितलं होतं, तर सीनियॉरिटीप्रमाणे मिळेल म्हणाले. मिळालं नाही. सातव्या महिन्यापर्यंत ती त्याच टेबलावर उभी होती.

हे सगळं माहीत असूनही आहे तसंच चालू द्या म्हणणारे लोक आहेत, आणि ते फक्त मालक नाहीत. हॉटेल-कॅसिनो कामगारांची मोठी युनियन, युनाइट हिअर लोकल ५४, तीही पूर्ण बंदीच्या विरोधात आहे, तर बऱ्याच डीलर्सची युनियन, युनायटेड ऑटो वर्कर्स, बंदीच्या बाजूने कोर्टात गेली. म्हणजे कामगार विरुद्ध मालक असं सरळ चित्र नाही. विरोध करणाऱ्यांचा हिशोब असा: सिगरेट ओढणारा खेळाडू जास्त वेळ बसतो, बंदी झाली तर तो गाडी काढून पेनसिल्व्हेनियात जाईल जिथे कॅसिनोत अजूनही ओढता येते. कॅसिनो मालकांच्या संघटनेने २०२२ मध्ये करून घेतलेल्या अहवालात अडीच हजारांपर्यंत नोकऱ्या जातील असा अंदाज होता. खोल्या साफ करणारी बाई, बारमधला मुलगा, यांच्यासाठी ही भीती खरी आहे. इलिनॉयमध्ये २००८ च्या जानेवारीत बंदी आली आणि त्या वर्षी तिथल्या कॅसिनोंची कमाई बरीच घसरली होती, जरी त्याच वर्षी मंदीही होती.

आणि मग हमखास उदाहरण येतं ते रेव्हेलचं. अटलांटिक सिटीत २०१२ च्या एप्रिलमध्ये साधारण २.४ अब्ज डॉलर खर्चून बांधलेला हा कॅसिनो पूर्णपणे स्मोक-फ्री उघडला आणि वर्षाच्या आत दिवाळखोरीत गेला, बघा सिगरेट बंद केली की काय होतं. पण पुढचं कोणी सांगत नाही! २०१३ मध्ये रेव्हेलने सिगरेट चालू केली आणि तरीही २०१४ च्या सप्टेंबरमध्ये तो बंद पडला. त्याच २०१४ मध्ये अटलांटिक क्लब, शोबोट आणि ट्रम्प प्लाझा पण बंद झाले, या तिन्ही ठिकाणी सिगरेट चालत होती. एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो गेले ते मुख्यतः शेजारच्या राज्यात कॅसिनो निघाले म्हणून, कर्ज जास्त होतं म्हणून. त्यामुळे रेव्हेलचं नाव काढून कोणी घाबरवलं तर एवढं त्यांना विचाराच.

दुसरा पर्याय म्हणजे बंद खोली. हे चीनमधल्या मकावमध्ये केलंय, आणि मकाव म्हणजे जुगाराच्या कमाईत लास व्हेगासच्या कितीतरी पुढे असलेलं शहर, शिवाय गिऱ्हाईक सिगरेटचं भलतं शौकीन. २०१३ मध्ये त्यांनी आधी अर्धा भाग स्मोक-फ्री केला, म्हणजे आपल्या २५ टक्क्यांसारखाच प्रकार, तो चालला नाही, डीलर तक्रार करत राहिले. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये साध्या फ्लोअरवर बंदी आली, आणि २०१९ च्या १ जानेवारीपासून व्हीआयपी खोल्यांतही, आता फक्त वेगळी बंद लाउंज, तिथे ना टेबल ना डीलर. त्या पहिल्या वर्षी, २०१९ मध्ये, कमाई साधारण साडेतीन टक्क्यांनी उतरली, पण तेव्हाच चीन-अमेरिका व्यापाराचा तंटा चालू होता आणि मोठे खेळाडू आधीच कमी होत होते, सगळं सिगरेटवर ढकलता येत नाही.

ही खोलीची कल्पना आपल्यालाही नवी नाही. भारतात २००८ पासून मोठ्या हॉटेलात आणि रेस्टॉरंटमध्ये स्मोकिंगची जागा ठेवायची तर चारी बाजूंना पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर थेट बाहेर टाकणारी हवेची सोय असावी लागते, आणि २०१७ मध्ये वर अजून नियम आला की त्या खोलीत कसलीही सर्व्हिस द्यायची नाही, म्हणजे वेटरला आत जावं लागू नये. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. न्यू जर्सीत तडजोडीच्या नावाखाली जी विधेयकं आली त्यात टेबलापासून पंधरा फूट लांब ओढा असंही एक होतं, आणि पंधरा फुटांवर भिंत नसेल तर ते परत पाटी वाचणाऱ्या धुरासारखंच झालं. एसी चांगला बसवू, फिल्टर लावू म्हणतात तेही नको. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, २००६ च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की दुसऱ्याच्या धुराची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही आणि व्हेंटिलेशनने तो धोका जात नाही.

तिसरा पर्याय पूर्ण बंदी. न्यूयॉर्कचे व्यावसायिक कॅसिनो स्मोक-फ्रीच आहेत. लास व्हेगासला स्ट्रिप या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावर पार्क एमजीएम कॅसिनोने २०२० मध्ये स्वतःहून सिगरेट बंद केली आणि अजून बंदच ठेवलीय. मला सगळ्यात पटलेलं उदाहरण फिलाडेल्फियाजवळच्या पार्क्स कॅसिनोचं, कारण पेनसिल्व्हेनियात कायद्याने निम्म्या फ्लोअरपर्यंत सिगरेट चालते तरी हा कॅसिनो स्वतःहून स्मोक-फ्री राहिला आणि कमाईत राज्यात वरच्या नंबरला आहे. म्हणजे ज्या पेनसिल्व्हेनियाची भीती घालतात तिथलाच मोठा कॅसिनो बिनधुराचा चालतोय! बंदीच्या बाजूच्या लोकांनी २०२२ मध्ये करून घेतलेला एक अहवालही आहे की कोविडनंतर स्मोक-फ्री कॅसिनो मागे पडलेले नाहीत, पण तो त्यांनी करून घेतलाय हे लक्षात ठेवूनच वाचावा, जसा मालकांचा वाचतो तसाच.

माझा कल उघड आहे. पूर्ण बंदी पहिली, मकावसारखी रिकामी खोली दुसरी, आणि २५ टक्के हा पर्याय मी धरतच नाही. नोकऱ्यांची भीती मी उडवून लावत नाही, सुरुवातीला काही महिने कमाई कमी होईलही, पण ती भीती दाखवून डीलरने श्वासाची किंमत मोजायची हा सौदा मला मान्य नाही. तिथल्या बारमधल्या, शाळेतल्या, बँकेतल्या माणसाला २००६ पासून जे संरक्षण आहे ते फक्त पत्ते वाटणाऱ्याला का नाही, हाच प्रश्न घेऊन डीलर २०२४ मध्ये कोर्टात गेले, खालच्या कोर्टाने ऑगस्टमध्ये फेटाळला, ते अपिलात गेले.

पत्र पाठवणार असाल तर नुसतं बंदी करा लिहू नका. कुठलंही तडजोडीचं विधेयक समोर आलं की आधी बघा त्या खोलीत एकही टेबल किंवा स्लॉट मशीन आहे का, दार बंद राहतं का, आणि ॲशट्रे रिकामे करायला कोणाला आत जावं लागतं, धूर चालू असताना की खोली रिकामी झाल्यावर. वहिनीला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती शेवटच्या प्रश्नावर थांबली, म्हणाली हे नक्की लिही, कारण ॲशट्रे उचलणाऱ्या पोरी टेबलावर नसतात म्हणून त्यांना कोणी मोजतच नाही.