जुना बाजार की मोबाइल?
नव्वदच्या दशकातली डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं (कुस्तीच्या टीव्ही शोमधल्या पैलवानांचे फोटो आणि मापं छापलेली, मापांची तुलना करून खेळायची) हवी असतील, तर ऑनलाइन सोपं. फोटो बघा, पैसे भरा, संच घरपोच. फक्त कार्डांचे कोपरे किती झिजलेत ते पाकीट फोडल्यावरच कळतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी नाहीतर रविवारी, गंजक्या पान्यांच्या आणि तुटलेल्या चार्जरच्या ढिगापुढे उकिडवं बसावं लागतं. बहुतेक वेळा हाताला नुसती धूळ. मग एखाद्या रविवारी रबर लावलेली गड्डी निघते. वरच अंडरटेकर, आणि छातीच्या मापात कुणीतरी पेनाने खाडाखोड करून दोन इंच वाढवलेले! (असली लबाडी आम्हीही केलीय.) संच अपुरा होता, तरी घासाघीस करून घेतलाच. नेमकं एकच कार्ड अडलं असेल, तर मात्र मोबाइल बरा.