नरारा की मालवण? पुण्याहून समुद्रातले जीव बघायला निघताना

दिवाळी झाली की आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या सोसायटीत हा प्रश्न हमखास येतो: पोरांना नुसत्या लाटा नाही, समुद्रातले जीव दाखवायचेत, तर मालवणला जावं की जामनगरला? मी मालवणला तीनदा गेले आहे आणि जामनगरजवळच्या नरारा बेटावर एकदा. दोन्ही जागा संरक्षित आहेत, दोन्हीकडे प्रवाळ आहे. पण मालवणला तुम्हाला समुद्रात शिरावं लागतं आणि नराऱ्याला समुद्रच बाजूला होऊन तुम्हाला आत घेतो. निवड करताना आधी हे बघा, हॉटेल नंतर.

नरारा हा कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. १९८२ साली जाहीर झालेलं हे देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान, आणि त्यात ४२ बेटं येतात. आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे भरतीचं पाणी कोकणापेक्षा बरंच जास्त चढतं आणि ओहोटीला तितकंच लांब मागे हटतं. मग तासन्‌तास समुद्राचा तळ उघडा पडतो आणि त्यावरून आपण चक्क चालत जातो. कुठे घोट्याएवढं पाणी, कुठे गुडघ्याएवढं.

सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं काहीच दिसत नाही. चिखल, दगड, शेवाळ. धाकटा कुरकुरायला लागला होता. मग गाईडने एक दगड अलगद उचलला. त्याच्या ओल्या पोटावरून एक बारीक, काळसर तारामासा हात हलवत कडेला सरकला, आणि आधी दगडाचाच भाग वाटलेला एक खेकडा पळाला. बघून झाल्यावर गाईडने दगड होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवला. उलटा पडला तर खालचे जीव उन्हात मरतात, हे त्याने मुलांना हिंदीत समजावलं. त्यानंतर डोळे सरावले. समुद्रफूल दिसलं, त्याचे दोरे पाण्यात डुलत होते. समुद्रकाकडी दिसली. एका डबक्यात ऑक्टोपस होता, वाळूवर वाळूच्या रंगाचा आणि प्रवाळाशेजारी तपकिरी. धाकटा त्या डबक्यापाशी उकिडवा बसला तो उठायलाच तयार नव्हता. आपली सावली पाण्यावर पडली की ऑक्टोपस लपतो, हे त्याचं त्यानेच शोधून काढलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली आणि ती बोललीच पाहिजे. आमच्या पुढच्या गटाला दाखवायला कुणीतरी केंड मासा हातात धरून फुगवला, मग तो फोटोसाठी हातोहात फिरला. तो मासा गंमत म्हणून फुगत नाही, जिवाच्या भीतीने फुगतो. तुमच्यासमोर कुणी तसं करायला लागलं तर आधीच नको म्हणा. आम्ही म्हटलं तर आमच्या गाईडने लगेच ऐकलं.

आणि हेही सांगते, नरारा फोटोतल्यासारखं निळंशार नाही. आखाताचं पाणी गढूळ, खारटपणा जास्त, लांबवर वाडीनारकडच्या तेल-उद्योगाच्या खुणा दिसतात. इतक्या कठीण जागी प्रवाळ तग धरून आहे, याचंच मला जास्त अप्रूप वाटलं.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आणि आकाराने लहान, जेमतेम २९ चौरस किलोमीटर. त्याचा गाभा सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवती आहे. म्हणजे स्नॉर्केलिंग करताना डोकं वर काढलं की समोर महाराजांनी बांधलेला तट. हे सुख दुसरीकडे मिळत नाही. पाण्याखाली प्रवाळ तुकड्यातुकड्यांत आहे, त्याच्याभोवती पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे घोळक्याने फिरतात. पोहता येत नसलं तरी प्रशिक्षक धरून नेतो, पण दमा, हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांना विचारा. कारलीच्या खाडीत बोटीने फिरलात तर दोन्ही काठांची कांदळवनंही बघून होतात.

इथेही तक्रार आहेच. आमच्या एका फेरीत मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला गेला. मासे आले खरे, पण ते पावाला आले होते. बोट ठरवतानाच ‘पाव नको, आणि नांगर प्रवाळावर टाकू नका’ असं सांगा. तुम्ही स्पष्ट बोललात की बोटवाले दादा ऐकतात, कारण त्यांचंही पोट याच पाण्यावर आहे.

मालवणात मला सगळ्यात आवडतं ते मात्र पाण्याबाहेरच. सकाळी लवकर उठून किनाऱ्यावर जा आणि रापण, म्हणजे काठावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना बघा. दोन्ही टोकांना माणसं दोर कमरेला लावून पाठमोरी मागे सरकत असतात. जाळं काठाला आलं की आत बांगडे, तारली चमचमतात आणि डोक्यावर पक्ष्यांची झुंबड उडते. नराऱ्याला माणूस पाहुणा आहे, मालवणात तो समुद्राच्या बिऱ्हाडातलाच एक आहे.

आता तारखा. नराऱ्याला रजा बघून नाही, तिथी बघून जायचं. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे दोन-तीन दिवस उत्तम, पाणी लांबपर्यंत ओसरतं. आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते, अष्टमीला साधारण सहा वाजता. आखातात हा हिशेब तसाच लागू होत नाही, तिथल्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टकच बघा. वेळ चुकली तर समोर नुसतं पाणी दिसेल. वनखात्याचा परवाना लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा आणि गाईडशिवाय आत पाऊल टाकू नका. भरती मागून कधी येते ते कळत नाही. मालवणला तिथीचं एवढं बंधन नाही, पण पावसाळ्यात बोटी बंद असतात आणि पाणी नितळ हवं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढेच महिने धरा.

प्रवासात मालवण सरळ जिंकतं. कोल्हापूरवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण, एका दिवसाचं काम. जामनगरला रेल्वेने राजकोट, तिथून नव्वदेक किलोमीटर, आणि जामनगरपासून नरारा आणखी साठेक. चार दिवस हाताशी नसतील तर निघूच नका. गेलातच तर जामनगरजवळचं खिजडिया पक्षी अभयारण्य सोडू नका: बंधाऱ्याच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं, आणि दोन्हीकडे वेगळे पक्षी.

मुलं सहा ते बारा वर्षांची असतील तर मी डोळे मिटून नरारा सांगेन. त्या वयात हातभर अंतरावरचा खेकडा मास्कमधून दिसलेल्या माशापेक्षा जास्त लक्षात राहतो. सोबत आई-बाबा असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर मालवण. नराऱ्याचे दगड निसरडे आहेत आणि मधे टेकायला जागा नाही. कॉलेजातल्या मुलांना मालवणला पाण्यात उतरू द्या. आणि शनिवार-रविवारच मोकळा असेल तर दोन्ही सोडून मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. घरगुती मुक्काम, आणि नशीब असेल तर पहाटे कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसतात.

नराऱ्यासाठी जाड तळव्याचे जुने बूट घ्या, नाडीवाले. चप्पल चिखलात रुतून राहते आणि अनवाणी पायाला कालवं कापतात. पिण्याचं पाणी जामनगरहूनच भरून घ्या, माणशी दोन बाटल्या.